बीपच्या आधी की मागून?

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांतल्या एका माणसाची आणि माझी गाठ पडली तेव्हा तो माझ्या दारात रांगेत उभा होता आणि मी खुर्चीवर बसलो होतो. साल २०१७, भर पावसाळा. जूनच्या शेवटी सरकारनं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. जे नेमानं भरत आले त्यांना भरलेल्या रकमेच्या २५ टक्के, तेही २५ हजारांच्या आतच. अर्ज मात्र ऑनलाइन भरायचा, आधार नंबर देऊन आणि अंगठा लावून, नवरा-बायको दोघांनी. मालेगावात, म्हणजे आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या, नाशिकच्या नव्हे, माझं आपले सरकार सेवा केंद्र होतं. सोयाबीन फुलावर आलेलं, निंदण-फवारणीचे दिवस, आणि माणसं मजुरी बुडवून जोडीनं माझ्या पत्र्याच्या शेडखाली बसलेली.

माझा कॉम्प्युटर असेंबल्ड, जी-४१ चिपच्या बोर्डाचा. आतली डिस्क १६० जीबीची, ती कधीच भरली होती. म्हणून सातबारा, आठ-अ, पासबुक, रेशनकार्ड यांचे स्कॅन ठेवायला बाहेरून एक टीबीची डिस्क कायम जोडलेली असे. उन्हाळाभर काही कुरबूर नव्हती. पाऊस लागला आणि सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत बसू लागली. पुढं काहीच नाही. डिस्कची वायर काढून पुन्हा चालू केलं की विंडोज सुरळीत यायची. आली की वायर परत लावायची. दिवसातून एकदाच करायचं असतं तर कुणी तक्रार केली नसती. पण आमच्याकडे लाइट विचारून जात नाही, आणि यूपीएसच्या बॅटरीनं तर केव्हाच मान टाकलेली. टेबल भिंतीला टेकवलेलं, पोर्ट मागच्या बाजूला. दर खेपेला टेबलाखाली शिरायचं, अन् बाहेर पन्नास माणसं बघत असायची.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात सीपीयू नेऊन दाखवला होता. डिस्क खराब झालीय, बोर्डही जुना झालाय, नवीनच घ्या, असा निकाल मिळाला. डिस्क एका मित्राच्या लॅपटॉपला लावली तर मुकाट चालत होती. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्याकडे दुरुस्ती म्हणजे काढणं आणि घालणं. शोधायला वेळ लागतो आणि शोधण्याचे पैसे कोणी देत नाही.

त्या दिवशी दुपारी लाइट येऊन-जाऊन करत होती. मशीन एकदाचं सुरू झालं तर सरकारी साइटच उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही, असं ब्राउझर म्हणे. रांगेतून नेहमीचा सूर उठला, 'सर्व्हर डाऊन!' त्या महिन्यांत सर्व्हर खरंच इतक्यांदा बसायचा की सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटे.

"तारीख काय दाखवते, ते पाह्य आधी," मागून कुणीतरी बोललं.

पासष्टीच्या आसपासचे एक काका. मळकट पायजमा, बगलेत कापडी पिशवी, बाजूला पदर सावरत बसलेल्या काकू. खालच्या कोपऱ्यात तारीख होती २०१० सालच्या जानेवारीतली. तसं ते अधूनमधून होई; मी घड्याळ जागेवर आणायचो आणि कामाला लागायचो.

"अन् चालू करताना अडते काय कधी?"

अडते, म्हणालो. डिस्क लावलेली असली की अडते.

"कुठं अडते? बीपच्या आधी की मागून?"

हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता. दुकानात नाही, फोनवर सल्ला देणाऱ्यांपैकीही कुणी नाही. सगळ्यांनी विचारलं ते कॉम्प्युटर किती जुना आहे, डिस्क कोणत्या कंपनीची, अँटिव्हायरस आहे का. काकांना माझ्याकडे काय आहे यात रस नव्हता. ते कुठपर्यंत जातं आणि कुठं थांबतं, एवढंच त्यांना हवं होतं. मी आठवून सांगितलं: बीप वाजते, मग रेघ येते.

"मंग पावर चांगली हाय, डिस्कही चांगली हाय," ते चप्पल काढून आत आले. "बीपच्या आधी मेलं असतं, तर मी डिस्कच्या वायरीले अन् एसएमपीएसले धरलं असतं. बीप झाली म्हणजे बोर्डानं सगळ्यायची हाजरी घेतली. आता तो भलत्याच दारात गेला."

मशीन बंद करून त्यांनी पुन्हा चालू करायला लावलं आणि डिलीटची कळ दाबत बसायला सांगितलं. निळा पडदा आला. बूटच्या पानात वरवर सगळं ठीक दिसत होतं: पहिली हार्ड डिस्क, मग सीडी. इथंच बहुतेक जण फसतात, मी नंतर अनेकांना फसताना पाहिलंय. त्याच पानावर आणखी एक यादी लपलेली असते, हार्ड डिस्कांची आपसातली उतरंड. जुन्या बोर्डाच्या लेखी बाहेरची यूएसबी डिस्कसुद्धा हार्ड डिस्कच. आणि त्या आतल्या यादीत ती पहिल्या नंबरला जाऊन बसली होती. आतली बिचारी दुसरी.

पण त्या डिस्कवर विंडोज नाही, तर बोर्ड तिथून मागं का फिरत नाही? मी विचारलंच. काकांनी मान हलवली, प्रश्न आवडल्यासारखी. "डिस्कीच्या पहिल्या खान्यात, पाचशे बारा बाइटच्या, शेवटच्या दोन जागी एक खूण असते. नवा पोस्टमन कसा, दारावर पाटी दिसली की टपाल टाकून निंघते. घरात माणूस हाय का नाही, पाहत नाही. बोर्डाचंही तसंच. खूण दिसली, कारभार देऊन मोकळा. आत कोणी नाही, तं बसली रेघ लुकलुकत."

ती खूण ५५ एए. जुन्या पद्धतीनं भाग पाडलेल्या प्रत्येक डिस्कवर ती असते, मग त्या डिस्कवर विंडोज असो, लग्नाचे फोटो असोत की सातबारे. पुढं मी हे वाचून पडताळलं, शब्दन् शब्द बरोबर होतं.

त्यांनी आतली डिस्क वर घेतली, एफ-१० दाबून जपून ठेवलं. मशीन डिस्कसकट उठलं. शेडखालून कुणीतरी टाळी वाजवली. मला वाटलं, झालं काम. काका मात्र उठेनात.

"ही उतरंड बिघडली काऊन, ते कुठं सापडलं अजून? रात्री तू स्विच बंद करतोस का पिन काढतोस?"

पावसाळ्यात पिन काढतो, म्हणालो. आमच्याकडे सगळेच काढतात. एका विजेत घरचा टीव्ही आणि गल्लीतले मोडेम गेलेले प्रत्येकानं पाहिलेत.

"अन् उन्हाळ्यात?"

उन्हाळ्यात नुसतं शटडाऊन.

त्यांनी पिशवीतून काट्याचा मल्टिमीटर काढला. कर्जमाफीचा अर्ज भरायला आलेला माणूस पिशवीत पासबुकासोबत मीटर घेऊन का फिरतो, हे मला त्या घडीला विचारायचं सुचलं नाही. सीपीयूचा पत्रा काढला, धूळ फुंकली. बोर्डावर रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२. तांबडी पिन वरच्या अंगाला, काळी बोर्डाच्या पत्र्याला. तीन व्होल्ट हवेत. काटा अडीचच्याही अलीकडंच रेंगाळला.

मग सगळं एका ओळीत आलं. भिंतीतून वीज चालू असेतो बोर्डाला एसएमपीएसकडून, म्हणजे सीपीयूतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, बारीकसा पुरवठा मिळत राहतो, कॉम्प्युटर बंद असला तरी. तेवढ्यावर घड्याळही चालतं आणि यादीही लक्षात राहते. पिन काढली किंवा लाइट गेली की भार त्या सेलवर. सेल मेलेला. म्हणून घड्याळ २०१० मध्ये, यादी मूळपदावर, आणि या बोर्डाच्या मूळ यादीत बाहेरच्या डिस्कला मान पहिला. साइट असुरक्षित म्हणत होती तीही त्याच पायी: वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि २०१० सालात बसलेल्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही असं वाटतं. उन्हाळ्यात हे का झालं नाही, याचं उत्तरही विजेच्या भीतीतच होतं. दोन तक्रारी, मूळ एक. आणि ते वीस-पंचवीस रुपयांत मिळत होतं. शेजारच्या घड्याळवाल्याकडून पोरगं सेल घेऊन आलं. जाता जाता काकांनी एक दम भरला, की डिस्क पुढच्या पोर्टला कधी लावू नको, पुढची वायर बारीक, डिस्क फिरायला लागताना जोर जास्त मागते.

या सगळ्यात त्यांचा नंबर गेला होता. मागच्या एकानं तसं बोलूनही दाखवलं. पण बाया बोलल्या, "भाऊनं मशीन उठवलं म्हून तुमचा नंबर आला," आणि तो विषय मिटला. खरी पंचाईत पुढं झाली: काकांचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर सोल्डरिंगच्या सळईचे चटके, वर कुदळ-विळा. बोटाच्या रेषा पुसून गेलेल्या. ओल्या फडक्यानं पुसलं, केसांवर फिरवलं, मधलं बोट, करंगळी. मोबाइल आधारला जोडलेला नव्हता, म्हणून ओटीपीचीही वाट बंद. अखेर डाव्या हाताची अनामिका लागली. काकूंचा अंगठा पहिल्या झटक्याला उमटला, त्यावर त्या हसल्या आणि काका खोटंच रागावले.

त्या अर्जाचे पैसे शेतकऱ्याकडून घ्यायचे नव्हते. म्हणून मी काकांना काही तरी देऊ केलं, तर ते म्हणाले, "तू घेतले नाही, मी कायले घेऊ?" चहा घेतला, तो मात्र दोनदा.

नंतर जाणं-येणं सुरू झालं तेव्हा त्यांचं मागचं कळत गेलं. रेडिओचं काम अकोल्यात शिकले, वाशिममध्ये पाटणी चौकाच्या जवळ एका गाळ्याच्या ओट्यावर बसायचे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं, तेव्हा खेड्यांवरून माणसं मोटारसायकली घेऊन त्यांना न्यायला येत. कुणाच्या माळवदावर ॲन्टेना फिरवत त्यांनी अर्ध्याहून जास्त रामायण पाठमोरं ऐकलं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं कॉम्प्युटर आले. मॉनिटर म्हणजे टीव्हीच की, या हिशेबानं ते त्यात शिरले आणि मग खाली सीपीयूपर्यंत उतरले. चपटे टीव्ही आल्यावर धंदा बसला. आता दुरुस्त करायला काही उरलं नाही, अख्खा बोर्डच बदलायचा, म्हणून चार एकरांवर परतले. सोसायटीचं पीककर्ज तिथलं.

आज तालुक्यातली सेवा केंद्रवाली पोरं मशीन अडलं की मला फोन करतात. मी पहिलं विचारतो ते बीपचं, दुसरं तारखेचं. नव्या मशीनांना बीप नसते, तिथं प्रश्न बदलावा लागतो: कंपनीचं चिन्ह दिसतं का, की त्याच्याही आधी पडदा काळा? काढून-घालून पाहण्याआधी थांबून ऐकायचं, ही सवय मला कोणत्याही कोर्सनं लावली नाही. एका कोर्सची फी भरली होती, तरी.

काकांचं नाव उशिराच्या यादीत आलं. आधारवर आणि बँकेत नावाची वेलांटी वेगवेगळी होती, त्यापायी तालुक्याला चकरा झाल्या. त्या मी मारल्या, तेवढंच माझ्या हातात होतं. रक्कम जमा झाल्याचं सांगायला ते आले, तेव्हा मी धीर करून त्यांचा काट्याचा मीटर मागितला. विकत द्या म्हणालो, काय लावाल ते लावा.

"कायले?" त्यांनी पिशवी दुसऱ्या बगलेत घेतली. "मले लागते ना अजून. तू डिजिटल घे, दोनशेत भेटते." आणि विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर ट्रिप होतोय, लाइट असेतो पाहून घेतो म्हणत ते निघालेही.