नवा बोर्ड, जुनी तबकडी

गेल्या श्रावणात आमच्या निपाणीच्या घरातील जुना संगणक एकाएकी मूक झाला. घरची तरुण मंडळी म्हणाली, "पंधरा वर्षांचे यंत्र, आता त्याला निरोप द्या." त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. परंतु त्या यंत्रात माझ्या कै. आईच्या आठवणी होत्या. जात्यावरच्या ओव्या, तंबाखूच्या वखारीतील दिवस, १९५६ साली जागचे न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेले आमचे घर, १९८१ साली महामार्गावर ठिय्या देऊन बसलेले तंबाखू उत्पादक शेतकरी, हे सारे तिने सांगितले आणि मी टंकलिखित केले. दुसरी प्रत ठेवली नाही, हा अपराध सर्वस्वी माझा.

बेळगावहून भाचा आला. मदरबोर्ड निकामी झाल्याचे निदान करून त्याने जुन्याच प्रोसेसरला चालेल असा नवा बोर्ड बसविला. बटण दाबताच पंखे फिरू लागले. पडदा मात्र काळाच! एका ओळखीच्या तंत्रज्ञाने दूरध्वनीवरून सल्ला दिला, "सगळे पुसून विंडोज नव्याने भरा." भाचा म्हणाला, "मामा, थांबा. पुसणे हे शेवटचे औषध. आधी प्रत, मग प्रयोग."

त्याने हार्ड डिस्क, म्हणजे माहिती साठविणारी तबकडी, बाहेर काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि सर्व मजकूर उतरवून घेतला. माझा जीव भांड्यात पडला. पण आईची फाईल उघडली, तो तेथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कालवा! मी मटकन खालीच बसलो.

त्याने समजाविले. मी वापरलेल्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसविलेले होते. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रात मूळची इंग्रजी अक्षरे दिसणारच. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून तेथे हा घोटाळा होत नाही. फॉन्ट आणि त्याची सारी सामग्री जुन्या विंडोजमध्ये होती. तेव्हा तीच सुरू करणे हा सरळ मार्ग.

पुन्हा पेटी उघडली. विजेची चोवीस टाचण्यांची मोठी जोडणी नीट होती. परंतु प्रोसेसरजवळची चार टाचण्यांची वेगळी जोडणी लावायची राहिली होती. पंख्यांना वीज मिळत होती, प्रोसेसर मात्र उपाशी! ती लावली, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसविल्या, आणि पडदा उजळला. तरीही 'सुरू होण्याजोगी तबकडी नाही' असाच संदेश. आश्चर्य असे, की बोर्डाच्या यादीत तबकडीचे नाव दिसत होते.

दोष तबकडीचा नव्हताच. आमची तबकडी जुन्या पद्धतीची; प्रारंभाची सूचना तिच्या अगदी पहिल्या कप्प्यात. नवा बोर्ड मात्र यूईएफआय पद्धतीने स्वतंत्र विभागात ती सूचना शोधीत होता. सुदैवाने बोर्डात जुनी पद्धत चालू ठेवण्याची सोय होती. तिला सीएसएम म्हणतात. भाच्याने ती सुरू केली. विंडोजने नव्या बोर्डाशी ओळख करून घेण्यात थोडा वेळ घालविला, आणि अखेर आईच्या ओव्या पडद्यावर जशाच्या तशा उमटल्या. कोणी पाहू नये म्हणून मी चष्मा पुसला.

वाचकहो, त्या दिवसापासून एक विचार मनातून जात नाही. तबकडीवरील एक अक्षरही हरवले नव्हते. हरवला होता तो ते वाचू शकणारा. आपल्या सीमाभागातील घरांतही असेच नाही का? दप्तरे आहेत, पत्रे आहेत, पोथ्या आहेत. पण कन्नड आणि इंग्रजीत शिकणारा माझा नातू मराठी अडखळत वाचतो. त्या भाषा त्याला याव्यातच. परंतु पणजीची अक्षरे त्याला निरर्थक कालव्यासारखी दिसू नयेत.

मजकूर आता युनिकोडमध्ये उतरविला आहे. त्यात जोडाक्षरे बिघडतात, म्हणून शब्दन्‌शब्द मी ताडून पाहतो. एक प्रत घरी, एक बेळगावला, एक कागदावर. आणि रोज तिन्हीसांजेला नातू माझ्याजवळ बसून एक पान वाचतो. परवा मध्येच थांबून त्याने विचारले, "आजोबा, जातं म्हणजे काय?"

मी त्याला हाताला धरून परसदारी नेले. जाते अजून तेथेच आहे.