चोपन्न सेकंद

१०० प्रश्न आणि ९० मिनिटं. भागाकार केला की एका प्रश्नाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, पर्याय पारखायचे, एकावर बोट ठेवायचं आणि मागे वळून न बघता पुढे जायचं. अमेरिकेत ऑप्टोमेट्रीच्या कॉलेजात जाऊ पाहणारे बहुतेक जण जी ऑप्टोमेट्री अ‍ॅडमिशन टेस्ट देतात, तिचा पहिला भाग हा असा: ४० प्रश्न जीवशास्त्राचे, ३० सामान्य रसायनशास्त्राचे, ३० सेंद्रिय रसायनशास्त्राचे. त्यानंतर उताऱ्यांचं आकलन, भौतिकशास्त्र आणि गणित. सगळीकडे पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत असतं.

आणि ज्या कामासाठी ही धावपळ करायची, ते काम मात्र अंधाऱ्या खोलीत, हळू आवाजात, एकेक भिंग बदलत चालतं. "हे बरं की हे?" समोरचा माणूस थबकतो, डोळे बारीक करतो, म्हणतो, "पुन्हा एकदा दाखवाल?" आणि दाखवावं लागतं. तिथे चोपन्न सेकंदांचा हिशेब चालत नाही. घाईची परीक्षा आणि धीराचा पेशा, यांची सांगड कशी घालायची, हा विचार तयारीच्या काळात माझी पाठ सोडत नव्हता.

मी मूळची कोल्हापूरची. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी तिथलीच. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, मुलगा शाळेत जायला लागला, आणि डोळ्यांच्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून कामाला लागले. डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या प्राथमिक तपासण्या करायच्या, हे माझं काम. तिथेच ठरलं की आपणही हे शिकायचं. पदवीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्याआधी कम्युनिटी कॉलेजात राहिलेले विषय, आणि मग ही परीक्षा. पस्तिशी उलटली होती. रात्रीची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, की डायनिंग टेबल माझं.

सेंद्रिय रसायनशास्त्राला मी आधी केवळ गुणांसाठी भिडले. कार्बनच्या साखळ्या, दुहेरी बंध, त्यांच्या एका बाजूला काय आणि विरुद्ध बाजूला काय, म्हणजे सिस आणि ट्रान्स. मग एका रात्री रेटिनलचं सूत्र समोर आलं. अ जीवनसत्त्वापासून बनणारा हा रेणू आपल्या दृष्टिपटलातल्या पेशींमध्ये वाकून बसलेला असतो. त्याच्यावर प्रकाशाचा एक कण पडतो आणि अकराव्या व बाराव्या कार्बनमधला बंध वळतो, वाकलेला रेणू सरळ होतो. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात हे घडतं. पाहण्याची सुरुवात एवढीच. जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली ज्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं, त्याच्या गाभ्याशी हीच घडामोड होती. मी पेन खाली ठेवलं. शेजारच्या खोलीत मुलगा झोपला होता, दिव्याचा प्रकाश वहीवर पडला होता, आणि ती वही मला दिसत होती ती असे असंख्य रेणू त्या क्षणी सरळ होत होते म्हणून. त्यानंतर सिस-ट्रान्सचा एकही प्रश्न मला पाठ करावा लागला नाही.

जीवशास्त्रातही असंच झालं. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मेंदूच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना दोन फुगवटे बाहेर येतात. त्यांचं पुढे दृष्टिपटल होतं. ते जिथे वरच्या त्वचेच्या थराला भिडतात, तिथली त्वचा आत वळते आणि तिचं भिंग होतं. मेंदू बाहेर यायला निघतो आणि कातडी त्याच्यासाठी पारदर्शक होते. अभ्यासाच्या पुस्तकात यावर चार ओळी होत्या. मी त्या ओळींपाशी रेंगाळले, आणि ते रेंगाळणं वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही.

भौतिकशास्त्र मात्र माझ्या नाकावरच बसलेलं होतं. या भागात कॅल्क्युलेटर मिळत नाही. गणिताच्या भागात पडद्यावर एक साधा मिळतो, तेवढाच. म्हणून आकडे हाताशी असावे लागतात. भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. माझा नंबर उणे पाच. एक भागिले पाच, म्हणजे ०.२ मीटर. चष्मा काढला की वीस सेंटिमीटरच्या पलीकडचं जग मला धूसर. लहानपणी एसटी स्टँडवर गाडी वळून फलाटाला लागेपर्यंत मला तिची पाटी वाचता यायची नाही. मी आईला विचारायचे. चष्मा लागला आणि लांबूनच 'कोल्हापूर–रत्नागिरी' हे शब्द दिसले, तेव्हाचा आनंद अजून आठवतो. त्या आनंदामागे एवढा छोटा भागाकार होता, हे मला टेबलाशी बसून कळलं.

दिवसा दवाखान्यात हेच ज्ञान माणसांच्या रूपानं समोर यायचं. ऑटोरिफ्रॅक्टर नावाच्या यंत्रात डोकावलं की सरळ जाणारा रस्ता आणि त्याच्या टोकाशी रंगीत बलून दिसतो. बलून धूसर होतो, स्पष्ट होतो, तोवर यंत्र नंबराचा अंदाज घेतं. लहान मुलं त्या बलूनकडे बघून हसतात. मोठी माणसं मात्र ताठ बसतात. तपासणी ही त्यांच्यासाठी परीक्षाच असते. अक्षर चुकलं तर नापास होऊ, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर असते.

आपल्या मुलाकडे आलेल्या कराडच्या एक आजी मला विसरता येत नाहीत. दर दोन भिंगांनंतर त्या विचारत, "पोरी, चुकलं का गं माझं?" डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, म्हणून मी शेजारी उभी होते. म्हटलं, "आजी, यात चूक-बरोबर काही नसतं. तुम्हाला जे दिसतं तेच उत्तर." जवळचं वाचायची वेळ आली तेव्हा तिथलं कार्ड इंग्रजी. आजींनी पिशवीतून स्वतःची हरिपाठाची पुस्तिका काढली. कडा झिजलेल्या, मधल्या पानांना हळदीचे डाग. तपासणीच्या फ्रेममध्ये अधिक अडीचची भिंगं घातली, पुस्तिका चाळीस सेंटिमीटरवर धरायला सांगितली. आजी वाचू लागल्या. एक ओळ पुरेशी होती, पण त्या थांबेनात. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. पान संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. मग आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं पाठ होतं म्हणून म्हणत होते. आज वाचलं."

त्या दिवशी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. डॉक्टरांना धीर धरता आला, कारण त्यांचा हिशेब आधीच झालेला होता. वय, अंतर, भिंगाची शक्ती, डोळ्याची आतली रचना, यांतलं काहीही त्यांना त्या क्षणी आठवावं लागत नव्हतं. म्हणून त्यांचं सगळं लक्ष आजींकडे होतं. जे चोपन्न सेकंदांत यायला हवं असा परीक्षेचा आग्रह असतो, ते पक्कं असेल तरच पुढे समोरच्या माणसाला हवा तेवढा वेळ देता येतो. तेव्हापासून सराव परीक्षांचा मला जाच वाटेनासा झाला. एखादं गणित सुटलं तरी मी ते पुन्हा दुसऱ्या वाटेनं सोडवायचे, आणि कधी कधी आख्खी संध्याकाळ एका किरणाकृतीत जायची. वेग आपोआप येत गेला.

परीक्षा केंद्रावर खिसे उलटे करून दाखवायला लावतात, बाह्या वर करायला लावतात. घड्याळ, फोन, पाण्याची बाटली, सगळं लॉकरमध्ये. मग तिथल्या बाई म्हणाल्या, चष्मा काढून द्या. त्यांनी काड्या आतून-बाहेरून तपासल्या. तेवढा वेळ माझ्यासमोर नुसते रंग होते: भिंतीचा पांढरा, त्यांच्या शर्टाचा निळा, दाराच्या जागी एक तपकिरी पट्टा. ऑप्टोमेट्रीच्या परीक्षेला बसताना माझं दिसणं कुणा अनोळखी माणसाच्या हातात होतं. उद्या माझ्यासमोर बसणारा माणूस याच अवस्थेत असेल, चष्मा काढून, सगळं माझ्यावर सोपवून. चष्मा परत मिळाला. आत जाऊन खुर्चीत बसले तेव्हा मन स्थिर होतं.

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रश्नांत दुहेरी बंधाची एक आकृती दिसली आणि ती ओळखीच्या माणसासारखी भेटली. भौतिकशास्त्रात भागाकार हातावर आले. शेवटचा भाग संपला की गुण लगेच पडद्यावर येतात, २०० ते ४०० या पट्टीवर. ३०० म्हणजे मध्य. माझे त्याच्या बरेच वर होते. प्रवेश मिळाला आहे. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात निदान १०० कोटी माणसं अशा दृष्टिदोषासह जगत आहेत, जो टाळता आला असता किंवा ज्यावर अजून इलाज झालेला नाही. त्यांतल्या कित्येकांना शस्त्रक्रिया नको, महागडी औषधं नकोत. योग्य नंबराचा चष्मा हवा, आणि "पुन्हा एकदा दाखवाल?" या विनंतीला हो म्हणणारं माणूस हवं.

म्हणून या वाटेनं येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे. ही परीक्षा घाईची असली तरी तिचा अभ्यास घाईनं करू नका. एकेका सूत्रापाशी थांबा, ते कुणाच्या डोळ्यात जाऊन पोहोचतं ते बघा. आज तुम्ही पुस्तकाला जो वेळ द्याल, तोच उद्या तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला मिळणार आहे.