बिदरीची काळी जमीन

नयानगरहून आम्ही घरचे चौघे निघालो. मीरा रोडहून लोकल, दादरला गाडी बदलून भायखळा. राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

थोरली मेंदी काढते. मोबाइलवरचे नमुने उतरवून कंटाळलेली; 'आता सोडतेच' म्हणायची. बिदरीच्या भांड्यासमोर मात्र ती थबकली. जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदी ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने धातू काळा पडतो, चांदी तेवढी चमकत राहते.

"अम्मी, काळी जागा मोकळी सोडलीय, म्हणून चांदी दिसते!"

मगरिबच्या आत घरी परतलो. रात्री तिने अम्मीच्या तळहातावर एकच वेल काढली. बाकी हात मोकळा. ही वेल कोणत्याच मोबाइलवर नव्हती.