वरातीमागून घोडे

म्हणी आपण लहानपणी पाठ करतो. त्यांचा अर्थ मात्र आयुष्य आपल्या सवडीने शिकवीत असते. 'वरातीमागून घोडे' ही म्हण शाळेत असताना मी दहा वेळा तरी वाक्यात योजली असेल. परंतु वरात ठरल्या वेळी निघून जावी आणि घोडे खरोखरच मागे, भर रस्त्याच्या कडेला उभे राहावे, हा प्रसंग मी गेल्या वैशाखात पाहिला; आणि ते घोडे मागे राहण्यास माझाच हात कारण झाला होता.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. कारकुनाला शेजारधर्म म्हणून एकच गोष्ट नीट करता येते, ती म्हणजे लोकांचे कागद वाचणे. आमच्या वसाहतीच्या मागील गल्लीत एक घोडीवाले राहतात. साठी उलटलेले गृहस्थ. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला बाबूजी म्हणतात. लग्नसराईत नवरदेवाला मिरविणे हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. त्यांची चांदनी नावाची पांढरी घोडी गल्लीतून निघाली की आमच्या मुली खिडकीशी धावतात. पूर्वी घोडी पायीच जाई. आता लग्ने दूरदूरच्या गावी लागतात, म्हणून चाचांनी कर्ज काढून मालवाहतुकीची एक लहान मोटार घेतली. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ सालचे जे नियम आहेत, त्यांत दोन घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू लावावेत, तळाशी पाय घसरू नये अशी तजवीज करावी, सोबत माणूस असावा, असे सांगितले आहे. ते नियम मीच चाचांना वाचून दाखविले होते, आणि त्यांनी बांबू पसंत करताना मला सोबत नेले होते.

त्या मोटारीच्या विम्याचे कागदही ओघानेच माझ्याकडे आले. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेच सक्तीचा केलेला आहे. तेथे निवडीचा प्रश्न नाही. निवड करावयाची होती ती रस्त्यात गाडी बंद पडल्यास मिळणाऱ्या मदतीची. ही मदत वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते. पंक्चर काढणे, उतरलेली बॅटरी चालू करून देणे, इंधन आणून देणे आणि काहीच जमले नाही तर गाडी ओढून दुरुस्तीच्या कारखान्यात नेणे, असे तिचे साधारण स्वरूप असते. मी दोन कंपन्यांची पत्रके शेजारी शेजारी मांडली. कचेरीत निविदा तपासतात तसा तुलनात्मक तक्ता केला आणि कचेरीच्याच शिस्तीने किमान दर ग्राह्य धरला. चाचांचे ८०० रुपये वाचले. सही करताना त्यांनी एवढेच विचारले, "बाबूजी, इसमें चांदनी का क्या लिखा है?"

मी हसून म्हणालो, "चाचा, गाडी के साथ वह भी आ ही गई!"

कागद न वाचणाऱ्याच्या अज्ञानापेक्षा अर्धवट वाचणाऱ्याचा आत्मविश्वास अधिक घातक असतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

वैशाखातल्या एका शनिवारी अलवरला लग्न होते. दुपारी चाचांच्या मुलाचा दूरध्वनी आला: धारूहेड्याजवळ क्लच निकामी झाला आहे, कंपनीच्या माणसाला हिंदी-इंग्रजीत नीट समजावून सांगा. मी समजावले आणि राहवले नाही म्हणून बस पकडून तेथे गेलो. दिल्लीपासून सुमारे ७० किलोमीटर. मी पोचलो तेव्हा मदतीची क्रेन नुकतीच आली होती. तिच्यावरच्या माणसाने मोटारीत डोकावून पाहिले आणि तो दोन पावले मागे सरला. "जनावर उतारो, फिर गाडी उठेगी." जनावर असलेली गाडी ओढता येत नाही, हा त्याचा नियम, आणि खरे सांगायचे तर तो योग्यही होता. ओढल्या जाणाऱ्या, हेलकावणाऱ्या गाडीत चार पायांवर तोल सांभाळणारे जनावर ठेवणे म्हणजे त्याचा जीवच धोक्यात घालणे.

परंतु उतरवायचे कोठे? घरी चाचांनी मातीचा ओटा रचला आहे. मोटारीचे मागचे फळकूट त्याला टेकले की चांदनी आपसूक चढते-उतरते. येथे फूटभर उंचवटा नव्हता आणि हाताच्या अंतरावरून मालमोटारी कर्णे वाजवीत धावत होत्या. गाडी चालत असते तोवर निदान वारा लागतो. थांबलेली गाडी वैशाखाच्या उन्हात भट्टी होते. एरवीही घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. चाचांच्या सोबत एक कॅन होता, तो केव्हाच संपला होता. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याचे पोट बिघडले की ते जिवावर बेतते. चाचा तिच्या पोटाला कान लावून उभे होते. मला पाहून ते काही बोलले नाहीत.

शेवटी समोरच्या ढाब्यावाल्याने वाट काढली. त्याच्या बांधकामासाठी वाळूचा ढीग पडला होता. आम्ही आठ-दहा जणांनी गाडी ढकलीत नेऊन तिची पाठ त्या ढिगाला टेकविली. चांदनी उतरली; पण वाळू खचली, मागचा पाय फळकुटाच्या कडेला घासला आणि सांध्यावरची कातडी सोलली गेली. गाडी क्रेनला लटकून कारखान्याकडे गेली आणि घोडी ढाब्याच्या बाजेला बांधलेली राहिली. ढाब्यावाल्याच्या ओळखीने रेवाडीचा एक घोडीवाला रात्री दहा वाजता आपली गाडी घेऊन आला. तोवर अलवरचा नवरदेव मोटारीत बसून मांडवात पोचला होता. चाचांना बयाणा परत करावा लागला. पशुवैद्यांनी घोडीला दीड महिना विश्रांती सांगितली. म्हणजे सगळी लग्नसराई गेली आणि कर्जाचे हप्ते मात्र राहिले.

घरी येऊन मी तो कागद पुन्हा काढला. अकरावे कलम: गाडीतील माल व जनावरे यांची जबाबदारी कंपनीवर नाही. बारावे कलम: त्यापायी पुढे होणाऱ्या हानीची भरपाई नाही. सारे स्पष्ट छापलेले होते. कंपनीने फसविले असते तर मला राग तरी धरता आला असता.

या वर्षी चाचा कागद घेऊन माझ्याकडे येतील असे मला वाटले नव्हते. ते आले. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "देख लीजिए, बाबूजी." क्षमेचा एक शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण त्यांनी तो उच्चारण्याची संधीच दिली नाही.

या खेपेस मी तक्त्यात दराचा रकाना शेवटी ठेवला. ही योजना मालवाहू गाडीला लागू आहे की केवळ खासगी मोटारीला? भरल्या गाडीचे किती वजन चालते? किती किलोमीटरपर्यंत ओढून नेतात, वर्षातून किती वेळा, आणि रात्री कोणी येते काय? या सगळ्यांच्या वर पहिला प्रश्न लिहिला: घोडीचे काय? मी चार कंपन्यांना दूरध्वनी केले. "गाडीत काय माल आहे?" असे प्रत्येकीने विचारले. "माल नव्हे, जीव आहे," असे म्हटले की पलीकडे शांतता पसरे. इंग्लंडमध्ये घोडे नेणाऱ्या गाड्यांसाठी वेगळे संरक्षण मिळते. त्यात घोड्यांना दुसऱ्या गाडीने पुढे पोचविण्याची किंवा रात्रीपुरते तबेल्यात ठेवण्याची सोय असते. मला त्या चारही ठिकाणी तसे काही मिळाले नाही. घोडीचा स्वतःचा विमा उतरविता येतो, तो आम्ही उतरविला. पण तो मरणाचा हिशेब मांडतो, ताटकळण्याचा नाही.

म्हणून गाडीपुरती जी बरी वाटली ती योजना ८०० रुपये जास्त देऊन घेतली आणि उरलेले काम कागदाबाहेर केले. दोन भक्कम फळ्या व पाण्याचे तीन मोठे कॅन गाडीत कायमचे ठेवले. चाचांनी गुडगाव, रेवाडी, अलवर, मेरठ येथील घोडीवाल्यांशी बोलणे केले: ज्याची गाडी अडेल त्याची घोडी जवळच्याने न्यावी, इंधनाचा खर्च तेवढा द्यावा. त्यांची नावे व क्रमांक मी मोठ्या अक्षरांत लिहून गाडीच्या दारावर आतून चिकटविले. कोणत्याही पत्रकात न मिळालेले कलम ते हेच.

परवा चांदनी गल्लीतून लग्नाला निघाली. मागच्या सांध्यावर बोटभर जागी केस पुन्हा आलेले नाहीत; झुलीखाली ते कोणाला दिसत नाही. माझ्या मुलीने खिडकीतून हात हलविला. मी मात्र चाचांना थांबवून विचारले, "पाणी घेतले का?" त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसून म्हणाले, "तीनों कॅन भरे हैं, बाबूजी. आप दफ्तर जाइए."