गावाची नोंद कुठून सुरू करायची?

महाडमध्ये इतिहासाचं काम म्हटलं की डोळ्यांसमोर पहिला रायगड येतो. माझ्याही आला होता. आमच्या भागातल्या एका छोट्या इतिहास मंडळात मी नाव दिलं तेव्हा वाटलं होतं, गडावर जायचं, तटाबुरुजांबद्दल ऐकायचं, पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत काढायचं. पण पहिल्याच रविवारी माझ्या हातात मोजपट्टी, पेन्सिल आणि रकाने आखलेला कागद आला. पोलादपूर तालुक्यातल्या एका देवळामागे, करवंदीच्या जाळीत कलंडलेल्या दगडासमोर मला उभं केलं आणि सांगितलं, ‘भरा.’

वस्तू, दगडाचा प्रकार, लांबी, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला, सध्याची अवस्था, गावात याला काय म्हणतात, पूजा होते का, कोण करतं. मी लांबी-रुंदी लिहिली आणि थांबले. दगडावर काहीतरी कोरलेलं आहे एवढंच कळत होतं. मंडळातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांनी बोट ठेवून दाखवलं: सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करत बसलेला तोच वीर, आणि अगदी वर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. हा वीरगळ. शेजारी मातीत अर्धा गेलेला, बांगड्या ल्यालेल्या हाताचा दगड म्हणजे सतीशिळा. वीराचं नाव बहुधा कुठेच नसतं. कोणीतरी गावासाठी, गुरांसाठी किंवा धन्यासाठी लढताना गेला, गावाने दगड उभा केला, आणि नाव लोकांच्या तोंडी राहील असं धरून चाललं. ते राहिलं नाही.

मग नियम. तारेचा ब्रश लावायचा नाही. खडूने रेघा ठळक करायच्या नाहीत. पडलेला दगड आपल्या मनाने उभा करायचा नाही, कारण तो जसा आणि जिथे पडलाय तेही नोंदीत यायला हवं. शेंदूर असेल तर हात लावायचा नाही. गुरवाला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा घालायचं नाही. फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढायचे, म्हणजे तिरक्या उजेडात झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी ज्या दगडावर मला काहीच दिसत नव्हतं, त्यावर पाच वाजता घोड्याचे पाय दिसू लागले. तेव्हापासून मी या कामात आहे. गोंधळ मात्र संपलेला नाही.

मंडळात मी पोचले ती आमच्या घरातल्या एका ट्रंकेमुळे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्या महाडात शिरल्या. आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर पंजोबांच्या ट्रंकेतले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले जुने कागद, चिखलाने भरून निघाले. मोडीत लिहिलेले, घरात कोणालाच वाचता येत नव्हते. आईने ते गच्चीवर उन्हात घालायला काढले. शेजारच्या काकांनी धावत येऊन अडवलं आणि मंडळातल्या लोकांना बोलावलं.

ओला कागद उन्हात टाकला की आकसतो, ठिसूळ होतो. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये टिपकागद घालून आणि तो पुन्हा पुन्हा बदलून वाळवायची. सगळं एकदम जमत नसेल तर बुरशी धरण्याआधी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची, म्हणजे वेळ मिळतो. जुन्या काजळीच्या शाईने केवढा तग धरला! परवा लिहिलेली किराणा मालाची यादी वाहून गेली होती, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा मजकूर तसाच होता.

तो वाचायला शिकणं ही वेगळीच परीक्षा. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढतात आणि हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जातात. शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तिथे मुळाक्षरं गिरवून झाली; पण खरा घाम तारखांनी काढला. एका कागदावर ‘सीत सबैन मया अलफ’ असं होतं. मला ते मंत्रासारखं वाटलं. हे सुहूर सन, आकडे अरबी, आणि एकं आधी: सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७५-७६. कागद कसला, तर दोन भातखाचरांमधल्या बांधाच्या भांडणाचा. कोणत्या आंब्यापासून कोणत्या पऱ्यापर्यंत कोणाची हद्द, हे गावातल्या जाणत्यांना बोलावून लिहून घेतलेलं. मी नाराज झाले. सरांना मात्र विलक्षण आनंद झाला होता आणि मला त्याचं कारण समजेना.

ते कळलं तळीयेत.

ज्या दिवशी आमची ट्रंक बुडाली त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास महाड तालुक्यात तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. तीस-पस्तीस घरांची वाडी. ऐंशीहून अधिक माणसं गेली. कित्येकांचे देह मिळालेच नाहीत. महाडच पाण्याखाली, रस्ते बंद, त्यामुळे पहिली मदत आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांनी हातांनी केली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळून माणसं गेली. तळीयेचे वाचलेले लोक आधी कंटेनरमध्ये राहिले, मग म्हाडाने बांधलेल्या घरांत गेले.

मंडळात विषय निघाला की तळीयेची नोंद करायला हवी. मला हे पटलं नाही. ज्यांचं सगळं कुटुंब ढिगाऱ्याखाली आहे त्यांच्या दारात आपण कागद-पेन्सिल घेऊन जायचं? आणि नोंद कसली करायची? तिथे शिलालेख नाही, तट नाही. माझ्या हातातल्या कागदावर ‘वस्तू’ हा पहिला रकाना होता, आणि वस्तू तर उरलेलीच नव्हती.

सरांनी उत्तर म्हणून मला गांधारपाल्याच्या लेण्यांवर नेलं. महामार्गावरून महाडला येताना डोंगरात दिसतात तीच. तिथल्या ब्राह्मी लेखात दात्याने काय दिलं याची यादी आहे: लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची टाकी. दोन हजार वर्षांच्या जवळपास जाणारा हा मजकूर म्हणजे एक मोजदाद आहे. कुठे काय होतं, किती होतं, कोणासाठी होतं. बांधाच्या भांडणाचा कागद तसाच. आणि या शहराने तर १९२७ साली २० मार्चला जगाला दाखवलं की तळ्यातलं ओंजळभर पाणी हाही इतिहास असतो. मग वाडीतला पाणवठा कुठला, त्याची वाट कोणाच्या अंगणातून जायची, हे लिहायला आपण का लाजतो?

आधी गावकीकडे निरोप गेला. कोकणात गावकीला विचारल्याशिवाय असलं काम होत नाही, आणि होऊ नये. त्यांनी सांगितलं, दरडीबद्दल विचारू नका, त्याबद्दल टीव्हीवाल्यांना सांगून सांगून जीव थकला. वाडी कशी होती ते विचारा.

नव्या घरांतल्या एका ओसरीवर आम्ही बसलो. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या बाजू चिकटवून मोठा कागद केला होता. कुठून सुरू करायचं मला सुचेना. एका दादांनी रस्ता काढला, मग बांध, मग घरं. थोड्या वेळाने एक आजी पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘असं न्हाय, बाय. पाण्यापासून धर.’ त्यांनी पाणवठ्यावर बोट ठेवलं आणि हंडा घेऊन चढताना डाव्या-उजव्या हाताला कोणाकोणाचं दार लागायचं ते सांगत गेल्या. पुरुषांनी काढलेल्या नकाशात नसलेल्या दोन वाटा त्यातून मिळाल्या, एका परसातला फणस मिळाला, पालखी थांबायची ती सहाण कुठल्या बाजूला होती ते नक्की झालं. वाद झाले. कोणाचा गोठा आधी, कोणाची पडवी नंतर, यावर दोघं भाऊ हमरीतुमरीवर आले. मी घाबरले, सर शांतपणे दोन्ही मतं दोन रंगांनी लिहून घेत होते. एक खरं-एक खोटं ठरवायची घाई करायची नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग कागदपत्रांकडे वळलो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची नोंद, त्यात घर मातीचं की विटांचं, कौलारू की पत्र्याचं हे असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या मुलांची नावं असतात. सातबारा आणि फेरफारांत शेताचं नाव सापडतं. ही दप्तरं इतिहासाची साधनं आहेत असं मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं. भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात १९१० साली निघालं तेव्हा राजवाड्यांसारखी माणसं गावोगाव फिरून रुमाल गोळा करत होती. आज तसं फिरताना तलाठी कार्यालय आणि शाळेचं कपाट वगळून चालणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

सगळ्यात मोठी मदत मुंबईकरांनी केली. कोकणातल्या प्रत्येक गावाचं अर्धं घर मुंबईत असतं. वाडीतले अल्बम मातीखाली गेले, पण लग्नाच्या फोटोंच्या प्रती लालबाग-घाटकोपरच्या नातेवाइकांकडे होत्या. वरमाला घालताना मागे दिसणारी पडवी, शिमग्यात नाचणाऱ्या पालखीच्या मागचं घर, खालूबाजा वाजवणाऱ्यांच्या पायाखालचं अंगण. आम्ही माणसांपेक्षा त्यांच्या मागचं बघत होतो. एका फोटोत दाराची चौकट आणि तिच्यावरचं कोरीव कमळ स्पष्ट आलं होतं. ज्यांचं ते घर, त्या ताई फोन हातात धरून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे कमळ माझ्या सासऱ्यांनी स्वतः कोरलं होतं, हे लिहा. लिहिलं.

मंडळात अजून एक मतभेद आहे. काहींना वाटतं, आपण वीरगळ, मंदिरं, समाध्या इथवरच राहावं. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पोलादपुरात ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे, मंगळगड आणि चंद्रगडाच्या वाटा आहेत. एवढंच सांभाळताना हात अपुरे पडतात. हे खरं आहे. पण मला वाटतं की आमच्या नोंदवहीत दरडींचंही पान हवं. २००५ च्या जुलैत याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दीडशेहून अधिक माणसं दरडींखाली गेली. त्यानंतर सोळा वर्षांनी तळीये. कुठल्या डोंगराला कधी भेग पडली होती, कुठला झरा अचानक गढूळ झाला, कुठल्या उतारावर पूर्वी घरं होती आणि ती का उठली, हे म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं. भूवैज्ञानिक येतात तेव्हा त्यांनाही हेच विचारायचं असतं. ज्या गावाने वीरासाठी दगड उभा केला त्या गावाला डोंगराची आठवण ठेवण्याचाही हक्क आहे. ही नोंद जिवंत माणसांच्या उपयोगाची आहे, म्हणून ती मला जास्त तातडीची वाटते.

तळीयेच्या नकाशाची स्वच्छ प्रत आता झाली आहे. घरांवर कुटुंबांची नावं घातली. गेलेल्यांची नावं त्याच कागदावर लिहायची की वेगळ्या पानावर, यावर गावात दोन मतं होती. गावकीने ठरवलं की नकाशा वाडी नांदती असतानाचा आहे, तेव्हा त्यावर सगळ्यांची नावं एकत्र येतील, कोण राहिलं कोण गेलं ही खूण करायची नाही. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाकडे. महाडातली प्रत तळमजल्यावर ठेवायची नाही, हे मी बैठकीत दोनदा बोलले आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.

पावसाळा उघडला की पोलादपूरच्या बाजूला काम सुरू करायचं आहे. तिथल्या काही तरुणांनी दरडींच्या पानासाठी आपल्या वाड्यांतली वयस्कर माणसं बोलती करायचं कबूल केलं आहे. त्यांना द्यायचा नवा छापील कागद माझ्याकडे सोपवला आहे. त्यात पहिला रकाना ‘वस्तू’ असा न ठेवता ‘पाणवठा’ ठेवावा, असं मी सुचवलं आहे. सर म्हणतात, आधी आजींना विचारून ये.