रबरी बेडूक

मरळ हवी असेल तर बेडूक हवा, हे आमच्या दिग्रसकडच्या सहावीतल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात बांधावरून बेडूक धरायचा, पाठीच्या कातडीतून गरी ओवायची आणि लांब बांबूच्या टोकाला तंगूस बांधून तो जिवंत बेडूक बेशरमाच्या झुडपांमधल्या मोकळ्या पाण्यावर नाचवायचा. बेडूक तडफडतो, पाणी हलतं आणि खालून मरळ येते. ही पद्धत अरुणावतीच्या काठावर किती जुनी आहे कुणास ठाऊक. ती हमखास चालते, हे मात्र खरं.

आमच्या घरात ती चालत नसे. मामूंना मासेमारीचा भयंकर नाद होता, पण बेडकाला ते हात लावत नसत. एका हकिमाने औषधात बेडूक घालावा का असं विचारलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) बेडूक मारायला मनाई केली, अशी हदीस अबू दाऊद आणि नसाई या दोन्ही संग्रहांत आहे. मामूंना संग्रहांची नावं माहीत नव्हती, मनाई माहीत होती. जिवंत गांडूळ गरीला टोचणंही बरेच उलेमा मकरूह मानतात. आधी मारा, मग लावा, म्हणजे जीव विनाकारण तडफडत नाही. म्हणून मामू भुईमुगाची ढेप आणि कणीक एकत्र मळून, त्यात भाजलेली बडीशेप कुटून घालत आणि रोहूची वाट पाहत बसत. रोहू मिळायची, कधी मृगळ मिळायची. मरळ मात्र बाजारातूनच यायची, तीही घरात कुणाचं ऑपरेशन झालं किंवा बाळंतपण झालं तरच. कारण ती महाग. बारीक काटे नाहीत, आजाऱ्याला खाऊ घालायला सोपी, आणि घमेल्यात तासन् तास जिवंत राहते.

ती जिवंत का राहते, हे समजून घेतलं की ती पकडायची कशी हेही समजतं. मरळ कल्ल्यांसोबत थेट हवेतूनही श्वास घेते. त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. संथ पाण्यात एका जागी गोल तरंग उठला, दोन-चार बुडबुडे आले, की खाली मरळ असण्याची शक्यता धरायची. ती पाठलाग करत हिंडणारी नाही. पानांच्या, शेवाळाच्या सावलीत दबा धरून बसते आणि टप्प्यात आलेल्यावर झडप घालते. अमेरिकेतला बास नावाचा मासाही असाच दबा धरणारा. नात्याने दोघांचा काही संबंध नाही, पण सवयी इतक्या जुळतात की बाससाठी तिकडे तयार झालेलं सगळं सामान आपल्या मरळीला जसंच्या तसं लागू पडतं. रबरी बेडूकही त्यातलाच.

माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादला नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी ईदला आला तेव्हा त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला. अंगठ्याएवढा, हिरवा, पोट पांढरं, मागे पायांच्या जागी रबरी दोऱ्यांची झालर. आतून पोकळ. दोन आकड्यांची गरी पोटाखालून निघून पाठीला चिकटून वर वळलेली, त्यामुळे शेवाळातून ओढला तरी अडकत नाही. मरळीने चावा घेतला की पोकळ अंग दबतं आणि आकडे उघडे पडतात. मी तो हातात घेऊन दाबून पाहिला आणि पहिला विचार मामूंचाच आला. ते असते तर बिस्मिल्ला म्हणून त्याच संध्याकाळी धरणावर गेले असते.

आता सामानाचं सांगतो, कारण शाळेत आणि शाळेबाहेर सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. बांबूने हे काम होत नाही, बेडूक लांब फेकावा लागतो. साडेसहा ते सात फुटांचा, कण्याला ताठ आणि शेंड्याला थोडा लवचीक रॉड घ्यावा. रील साधं स्पिनिंगचं चालतं, पण दोरी ब्रेडेडच हवी, 40 पौंडांच्या आसपास. नायलॉनचा तंगूस ताणला जातो, आणि मरळ तोंडात आमिष घेताच मागे फिरून शेवाळात घुसते. तिथे ताणणारी दोरी म्हणजे गेलेला मासा. दुकानदार दहा रंगांचे बेडूक दाखवेल. दोन पुरे, एक गडद आणि एक फिका. रंग मरळीपेक्षा गिऱ्हाइकासाठी जास्त असतात, असं माझं मत.

वेळ म्हणाल तर फजरनंतरचा पहिला तास आणि अस्र ते मगरिब. उन्हाळ्यात धरण उतरतं, मरळी फुगवट्याच्या उथळ टोकांकडे आणि डबक्यांकडे गोळा होतात, तेव्हा सगळ्यात बरं. आमच्याकडे बोटी-बिटी नाहीत. भोई लोकांचे थर्माकोलचे तराफे आहेत, त्यावर हौशी माणसाने चढू नये. काठावरूनच, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने उभं राहायचं. बेडूक थेट बुडबुड्यांवर टाकायचा नाही, पलीकडे टाकून त्या जागेवरून आणायचा. दोन झटके, थांबा. परत दोन झटके, थांबा. झडप पडते तो आवाज पाण्यात वीट टाकल्यासारखा असतो आणि त्याच क्षणी हात आपोआप खेचतो. तिथेच नवखी पोरं मासा गमावतात. मनात एक-दोन म्हणायचं, दोरी जड झाली की मगच खेचायचं, आणि मग दयामाया न करता सरळ बाहेर.

दयामाया हा शब्द लिहून गेलो खरा, पण गोष्ट आता तिथेच येते.

बेडकाचा प्रश्न रबराने सोडवला. पण रबरी बेडकासोबत मोबाइलवरचे व्हिडिओही आले. त्यात मासा पकडतात, छातीशी धरून फोटो काढतात, सोडून देतात, पुन्हा गरी टाकतात. दिवसभर. माझे विद्यार्थी तेच करायला लागले आणि वर मलाच विचारू लागले, "सर, छोड दिए तो सवाब ही है ना?"

मी त्यांना सांगितलं ते असं. मासा हलाल आहे आणि त्याला जबह करावं लागत नाही, ही आपल्याला दिलेली सवलत. ती खाण्यासाठी आहे. सजीवाला निशाण्याचं लक्ष्य करू नका, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. उगीच मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी तक्रार करेल, अशी नसाईमध्ये आहे. मासा सोडला म्हणून ओठातून आरपार गेलेली गरी गेली नाही असं होत नाही. आमच्या मशिदीतले मौलानाही हेच म्हणाले, फक्त माझ्यापेक्षा सौम्य शब्दांत: गरजेसाठी शिकार जायज, नुसत्या खेळासाठी नापसंत. पोरांना पटलं का? काहींना. एकाने विचारलं, मग लहान मासा आला तर? तर सोडायचाच. ओल्या हाताने धरून, फोटो न काढता, लगेच. सोडणं चुकीचं नाही, सोडण्यासाठीच पकडणं मला पटत नाही.

त्या पोरांना मी जॉर्ज पेरीची गोष्ट सांगतो. 1932 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात या तरुणाने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे 10 किलोंच्या वरचा बास पकडला. आजही तो विक्रम टिकून आहे. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने जवळपास तेवढाच मासा काढून बरोबरी केली, एवढंच. लाखो लोक ज्या माशाची स्वप्नं पाहतात त्याचं पेरीने काय केलं? मंदीचे दिवस होते. त्याने तो तोलून घेतला, नोंदवला आणि घरी नेला. घरच्यांनी शिजवून खाल्ला.

पावसाळ्यात एक गोष्ट मी अजिबात करू देत नाही. मरळीची पिल्लं लालसर रंगाची असतात आणि पाण्याच्या वरच्या थरात झुंडीने फिरतात. लांबून तो एक हलणारा लाल डाग दिसतो. खाली आई-बाप राखण करत असतात. त्या डागात बेडूक टाकला की मोठी मरळ लागतेच, कारण ती भुकेने नाही, पिल्लं वाचवायला धावते. व्हिडिओवाले याला युक्ती म्हणतात. ती मरळ गेली की पुढच्या तासाभरात बाकीचे मासे झुंड साफ करतात.

पाणी कुणाचं, हा प्रश्नही आहेच. आमच्याकडची धरणं मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. त्यात बहुतेक भोई समाजाची माणसं. बोटुकली ते विकत आणून सोडतात, राखण ते करतात. शहरातून हजारोंचा रॉड घेऊन आलेल्या सरांनी त्यांना न विचारता गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसं मोडणं. मी पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा तिथले म्हातारे भोईबुवा हसले. "मरळ न्या ना सर, बिनधास्त. आमी बीज टाकतो अन् थे खाऊन मोठी होते. पन रोहू-कतल्याले हात नका लावू." मामूंच्या ढेपेच्या गोळ्याचा कार्यक्रम तिथेच संपला. रबरी बेडकाला रोहू हुंगतही नाही, त्यामुळे तोच इथे योग्य.

भोईबुवांनी बेडूक उलटासुलटा करून पाहिला. "याले मरळ खाते?"

खाते, म्हटलं.

"मंग बरं हाय. खरा बेडूक आता भेटते कुठी?"

हे मी ऐकून सोडून दिलं नाही. 1987 मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की शेतातले बेडूक संपले की किडे वाढतात. आमच्या जिल्ह्यात किड्यांसाठी औषध फवारतात. 2017 च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यातली वीसच्या वर माणसं विषबाधेने गेली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आमचं नाव आलं. माणसं मोजली गेली. त्या शेतांतून वाहून नाल्यात आणि तिथून धरणात गेलेल्या पाण्याने आणखी कोण गेलं, हे मोजायला कुणी आलं नाही. माझ्या लहानपणी पहिल्या पावसाच्या रात्री बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे. आता दिग्रसच्या बाहेर, कपाशीच्या शेतांकडेला उभा राहतो तेव्हा मध्येच एखादा ओरडतो, आणि बराच वेळ त्याला उत्तर येत नाही.

मासा घरी आणल्यावरचं एक राहिलं. मरळ बुळबुळीत असते, म्हणून बाया राख लावून खवले काढतात, आणि बऱ्याचदा ती जिवंत असतानाच. ती हवेत श्वास घेणारी, सहज मरत नाही. जबह करायचा नाही म्हणून सोलताना तडफडू द्यायचा, असा त्याचा अर्थ नाही. मी काठावरच जाड लाकडाने डोक्यावर एक घाव घालतो, मगच पिशवीत ठेवतो. आमच्या घरी तिचं कालवण लाल मिरची, भाजलेलं खोबरं आणि खसखस घालून होतं, सोबत ज्वारीची भाकर. अम्मी डोकं वेगळं काढून ठेवते आणि ते कुणाला द्यायचं यावर दर वेळी भांडण होतं.