वेळेची बेरीज

अमेरिकेतील ओक रिजच्या 'फ्रंटियर' महासंगणकाने २०२२ साली सेकंदाला १ वर १८ शून्ये एवढ्या आकडेमोडींचा टप्पा ओलांडला. आता धातूचा अभ्यास झटपट होईल, असे मला वाटले होते. पण गंमत पाहा. अणूंची एका सेकंदाची हालचाल मोजायला सुमारे १ वर १५ शून्ये इतकी पावले लागतात, आणि तीही एकामागून एकच. शाळेत मी साठ मुलांना साठ उदाहरणे वाटून देत असे. पण प्रत्येक पायरी आधीच्या उत्तरावर उभी असलेले एकच उदाहरण कसे वाटणार? अणू वाटता येतात, काळ नाही.

यावर लॉस अलामॉसच्या आर्थर व्होटर यांनी १९९८ मध्ये तोड सुचवली. त्याच धातूच्या अनेक प्रती एकदम चालवायच्या. अणूने जागा सोडण्याची दुर्मीळ घटना कोणत्याही एका प्रतीत घडली, की तोवर सर्व प्रतींनी काढलेल्या वेळेची बेरीज धरायची. पुढे 'एक्झाल्ट' प्रकल्पात हाच विचार वाढवून, 'लॅम्प्स' ही नव्वदच्या दशकातली जुनी आज्ञावली नव्या यंत्रांसाठी बेतली गेली.

मला भावते ते एवढेच, की जिथे काहीच घडले नाही, त्या प्रतीचे वाट पाहणेही हिशेबात धरले जाते.